थुंकीचे मडके, थर्मामीटर आणि बंद दवाखाना

२० मार्च हा आपल्यासाठी महाडचा दिवस. १९२७ साली याच दिवशी बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेऊन तोंडाला लावले आणि त्यांच्यामागे हजारो माणसांनी ते प्यायले. जगभरच्या दंतवैद्यांच्या संघटना २०१३ पासून हाच दिवस 'जागतिक मौखिक आरोग्य दिन' म्हणून पाळतात. हा निव्वळ योगायोग आहे, त्यात कोणी चमत्कार शोधू नये. पण हा योगायोग आम्हाला एका प्रश्नापाशी आणून सोडतो. माणसाच्या तोंडाला कोणते पाणी लागावे, त्या तोंडातली थुंकी कुठे पडावी आणि दुखले तर त्या तोंडाला हात कोणी लावावा, हे या देशात शतकानुशतके कोणी ठरवले?

२०२० साली २० मार्चला आम्ही महाडला गेलो नाही. करोना आला होता. २२ मार्चला संध्याकाळी पाच वाजता टाळ्या-थाळ्या वाजल्या. २५ मार्चपासून देश बंद झाला. आम्ही काही कार्यकर्त्यांनी वस्तीत आपापले फोन नंबर वाटले होते. रेशनसाठी फोन येतील, गावी जाण्यासाठी येतील, अशी आमची अपेक्षा होती आणि तसे ते आले. पण ज्याची आम्ही कल्पनाच केली नव्हती असाही एक फोन वारंवार यायला लागला. "दादा, दाढ लई दुखतीय. दवाखाना कुठला चालू हाय का?"

फोनवर आलेली दाढ

एप्रिलमधली गोष्ट. कंत्राटी सफाई कामगार असलेल्या आमच्या वस्तीतल्या एक मावशी. टाळ्या-थाळ्यांनी ज्यांचा सन्मान झाला, त्या 'कोविड योद्ध्यां'पैकीच एक. दाढ आधीच किडलेली होती. ती दुखली की त्या मिश्री दाबून धरायच्या, लवंग ठेवायच्या. तिसऱ्या दिवशी गाल सुजला. मेडिकलमधून आणलेल्या वेदनाशामक गोळ्यांनी चार तास बरे वाटायचे, पुन्हा ठणका सुरू. चौथ्या दिवशी ताप आला आणि तोंड उघडेना. जवळचे खासगी दवाखाने बंद. ज्या सरकारी दवाखान्यात दातांची खुर्ची होती, तिथले डॉक्टर स्वॅब घेण्याच्या ड्युटीवर. खुर्चीवर प्लास्टिक पांघरलेले आम्ही स्वतः पाहिले.

शेवटी पास मिळवून, दोन नाकाबंद्या पार करून त्यांना दुसऱ्या शहरातल्या सरकारी दंत महाविद्यालयात नेले. तिथल्या तरुण डॉक्टरने, अंगावर पीपीई किट आणि घामाने निथळत, पू काढला आणि दाढ उपटली. तो आम्हाला म्हणाला, सूज आणखी खाली उतरली असती तर श्वास कोंडला असता. दाढेच्या मुळाशी साठलेला पू जबड्याखाली, जिभेच्या तळाशी पसरतो आणि श्वासाची वाट दाबतो. दाढदुखीने माणूस मरू शकतो, हे आमच्यासारख्या एम.ए. झालेल्यांनाही त्या दिवशी कळले.

त्या डॉक्टरला आम्ही विसरलेलो नाही. म्हणून सुरुवातीलाच स्पष्ट करतो की हा लेख दंतवैद्यांच्या विरोधात नाही. दातांच्या उपचारात डॉक्टरचे तोंड रुग्णाच्या तोंडापासून वीतभर अंतरावर असते. दात कोरणारे यंत्र, म्हणजे एअर रोटर, पाण्याच्या फवाऱ्यासह फिरते. तो फवारा लाळेत मिसळून हवेत तरंगतो. करोनाचा विषाणू लाळेत असतो. भीती खरी होती. प्रश्न भीतीचा नाही. ती वाटल्यावर समाज आणि शासन काय करते, हा प्रश्न आहे.

'आमचे सोवळे शास्त्रीय होते'

त्याच दिवसांत व्हॉट्सॲपवर एक मजकूर जोरात फिरत होता. पूर्वजांचे सोवळे-ओवळे किती शास्त्रीय होते बघा, लांबून नमस्कार करणे, शिवाशीव पाळणे, उष्टे न खाणे, आज सगळे जग तेच करते आहे! आपल्यातल्याही काही शिकलेल्या मुलांनी तो पुढे ढकलला. म्हणून या दाव्याची इतिहासाच्या कसोटीवर तपासणी केलीच पाहिजे. दुसरे कशाला, तोंड आणि थुंकी एवढाच विषय घेऊ.

मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात, खालच्या वर्णाचा माणूस वरच्यावर माजाने थुंकला तर त्याचे दोन्ही ओठ कापावेत, असे सांगितले आहे. वरच्या वर्णाचा माणूस खालच्यावर थुंकला तर काय, याची मात्र त्या कलमाला फिकीर नाही. थुंकीतून रोग पसरतो ही चिंता असती तर ती दोन्ही बाजूंनी असती.

पेशव्यांच्या पुण्याबद्दल बाबासाहेबांनी 'जातिसंस्थेचे निर्मूलन' या १९३६ च्या भाषणात लिहिले आहे की तिथे अस्पृश्याने गळ्यात मातीचे मडके बांधून फिरावे लागे. त्याची थुंकी जमिनीवर पडली आणि तिच्यावर नकळत एखाद्या हिंदूचा पाय पडला तर तो विटाळेल म्हणून. आता या मडक्याकडे आरोग्याच्या नजरेने बघा. धडधाकट माणसाच्या गळ्यात ते आहे. क्षयाने खोकणाऱ्या सवर्णाच्या गळ्यात नाही. आणि ज्याच्या गळ्यात आहे, तो आजारी पडला तर त्याचे काय करायचे, याबद्दल नियम गप्प आहे.

साथीचा नियम आणि जातीचा नियम यांतला फरक इथेच उघडा पडतो. साथीचा नियम रोगाला लागू होतो आणि रोग संपला की तोही संपतो. जातीचा नियम जन्माला लागू होतो आणि मेल्यावर स्मशानातही पाठ सोडत नाही. करोनात मास्क मंत्र्यालाही होता आणि झाडूवालीलाही. मडके एकाच्याच गळ्यात होते.

हातोहात फिरलेले थर्मामीटर

दुसरा पुरावा बाबासाहेबांनीच जपून ठेवला आहे. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आठवणीवजा लेखनात त्यांनी स्वतःच्या अनुभवांसोबत इतरांचेही अनुभव नोंदवले. त्यात काठेवाडमधल्या एका अस्पृश्य शिक्षकाचे पत्र आहे. ते 'यंग इंडिया'च्या १२ डिसेंबर १९२९ च्या अंकात छापले गेले होते. शिक्षकाची बायको बाळंत झाली आणि दोनच दिवसांत आजारी पडली. डॉक्टर अस्पृश्यांच्या वस्तीत यायला तयार नव्हता. गावातल्या वजनदार माणसाची मध्यस्थी झाली, फी कबूल झाली, तेव्हा तो आला. पण अट अशी की तो घरात येणार नाही, वस्तीबाहेरच तपासणार.

ओल्या बाळंतिणीला बाहेर आणावे लागले. डॉक्टरने थर्मामीटर एका मुसलमान माणसाच्या हातात दिले, त्याने ते शिक्षकाला दिले, शिक्षकाने बायकोला लावले. ज्या वाटेने गेले त्याच वाटेने ते परत आले. डॉक्टरने दिव्याच्या उजेडात पारा बघितला, न्यूमोनिया आहे असे सांगितले आणि तो निघून गेला. औषध पाठवले, पण पुन्हा बघायला आला नाही. ती बाई वाचली नाही.

यात संसर्गाची भीती कुठे आहे? डॉक्टरला जंतूची भीती असती तर त्याने थर्मामीटर उकळलेल्या पाण्याने किंवा औषधाने धुऊन घेतले असते. त्याला चाललेला उपाय होता मध्ये एक मुसलमान माणूस! जंतू हातातून हातात जाताना मरत नाही, विटाळ मात्र 'मरतो'. हे विज्ञान नव्हे. डॉक्टरची पदवी घेतलेल्या माणसाने केलेले ते जातीचे आचरण आहे.

भगवंतांचा आरोग्यविचार

मग आपल्या परंपरेत स्वच्छतेचा विचार नव्हता का? होता, पण वेगळा. विनयपिटकातल्या चुल्लवग्गात भगवान बुद्धांनी भिक्खूंना दातवण वापरायला सांगितले आणि न वापरण्याचे पाच तोटे मोजून दाखवले. तोंडाला दुर्गंधी येते, चव कळत नाही, अन्न गोड लागत नाही, असे साधे, तपासून बघता येणारे तोटे. तो नियम संघातल्या सगळ्यांना एकच होता, पूर्वाश्रमीचा राजपुत्र असो की न्हावी. महावग्गात तर आजारी पडून स्वतःच्या घाणीत लोळणाऱ्या भिक्खूला बुद्धांनी आणि आनंदाने स्वतः धुऊन काढल्याची कथा आहे. जो आजाऱ्याची सेवा करील तो माझीच सेवा करील, असा त्यांचा उपदेश. स्वच्छता माणसाला जवळ घेण्यासाठी असते, लांब ठेवण्यासाठी नाही, हा विचार आपल्याकडे अडीच हजार वर्षांपासून आहे. तो सोडून सोवळ्याचे गोडवे कशाला गायचे?

१८९७ आणि १९१८ : साथ सगळ्यांना सारखी नसते

१८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. ४ फेब्रुवारी १८९७ ला इंग्रज सरकारने साथरोग कायदा केला. अवघ्या चार कलमांचा. त्यात सरकारला वाट्टेल ते आदेश काढण्याचा अधिकार होता. पण रुग्णाला उपचार देण्याचे बंधन सरकारवर नव्हते. पुण्यात रँडच्या कमिटीने गोरे सोल्जर घराघरांत घुसवले, ही हकिकत शाळेच्या पुस्तकात आहे, कारण त्यापुढे चाफेकर बंधूंच्या गोळ्या आहेत.

त्याच पुण्यात त्याच महिन्यांत हडपसरजवळच्या ससाणे मळ्यात सावित्रीमाई आणि त्यांचे डॉक्टर पुत्र यशवंत प्लेगच्या रुग्णांसाठी दवाखाना चालवत होते. मुंढव्याच्या महारवाड्यातल्या गायकवाडांच्या मुलाला प्लेग झाल्याचे कळताच माईंनी त्याला पाठीवर घेऊन दवाखान्यात आणले. मुलगा जगला. माईंना लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. सरकारकडे कायदा होता, सोल्जर होते. माईंकडे फक्त पाठ होती. ज्या मुलाला शिवायला गाव तयार नव्हते, त्याला पाठीवर घेणे म्हणजे त्या काळातली सर्वांत तातडीची वैद्यकीय सेवा होती.

पुढची मोठी साथ १९१८ च्या इन्फ्लुएंझाची. मुंबई शहराच्या आरोग्य खात्याने त्या वर्षीचे मृत्यू जातवार मोजले. युरोपियनांमध्ये हजारी ८.३, सवर्ण हिंदूंमध्ये १८.९ आणि 'लो कास्ट हिंदू' या रकान्यात ६१.६. विषाणूला जात कळत नव्हती. पण एका खोलीत कोंबलेली दहा माणसे, अर्धपोट जेवण, दुष्काळाने भडकलेले धान्याचे भाव आणि शुश्रूषा करायला कोणी नसणे, हे सगळे जातीनेच वाटले गेले होते.

त्याच १९१८ च्या नोव्हेंबरात बाबासाहेब सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक म्हणून रुजू झाले. प्राध्यापकांसाठी ठेवलेल्या भांड्यातले पाणी त्यांनी पिण्याला तिथल्या काही सहकाऱ्यांनी हरकत घेतली. शहर नुकतेच फ्लूने होरपळले होते. तरी हरकत खोकणाऱ्या प्राध्यापकाला नव्हती, महार प्राध्यापकाला होती.

२०२० : 'तातडी'ची व्याख्या कोणासाठी?

मार्च २०२० मध्ये महाराष्ट्र सरकारने जो कायदा लागू केला तो हाच, १८९७ चा. दंतसेवेबाबत केंद्रीय आरोग्य मंत्रालयाची मार्गदर्शक तत्त्वे १९ मे २०२० रोजी आली, म्हणजे लॉकडाऊन सुरू झाल्यानंतर ५५ दिवसांनी. कंटेनमेंट झोनमध्ये दातांचे दवाखाने बंद, फक्त फोनवर सल्ला. रेड झोनमध्ये फक्त तातडीचे उपचार. बाकीच्या ठिकाणी सल्ला मिळेल, पण नेहमीचे उपचार पुढे ढकलावेत. आणि एक महत्त्वाची ओळ अशी की राष्ट्रीय कार्यक्रमातली तोंडाच्या कॅन्सरची तपासणी पुढील धोरण येईपर्यंत थांबवावी.

ही तत्त्वे वैद्यकीय दृष्टीने चुकीची होती, असे आमचे म्हणणे नाही. जगभर असेच झाले. इंग्लंडमध्ये २५ मार्चला नेहमीची दंतसेवा थांबवली गेली. पण तिथे सरकारी आरोग्यसेवेने तातडीच्या दंतोपचारांची स्वतंत्र केंद्रे उभी केली. तिथेही लोकांचे हाल झालेच. तरी दुखणाऱ्या दाढेला कुठे पाठवायचे याचे उत्तर देणे ही सरकारची जबाबदारी मानली गेली. आपल्याकडे ही जबाबदारी रुग्णाच्या खिशावर आणि कार्यकर्त्याच्या मोटारसायकलवर आली.

इथे आमचा मुख्य मुद्दा येतो. 'तातडीचे तेवढे करा, नेहमीचे थांबवा' हा नियम वरवर सगळ्यांना सारखा दिसतो. पण तो ज्याला 'नेहमीचे' उपचार मिळतात त्याच्यासाठीच केलेला आहे. जो सहा महिन्यांनी दात दाखवतो, त्याचे काम सहा महिने पुढे गेले तर बिघडत नाही. आमच्या वस्तीत दाढ भरून घेणे म्हणजे तीन-चार दिवसांची मजुरी घालवणे. रूट कॅनलचे तर नावच नको. दातांचा डॉक्टर म्हणजे खासगी डॉक्टर, हे इथे गृहीतच आहे. म्हणून इथे किडलेली दाढ वर्षानुवर्षे मिश्रीखाली झाकून ठेवली जाते आणि ती डॉक्टरपर्यंत पोचते तेव्हा ती तातडीचीच असते. इथे प्रत्येक दाढ तातडीची आहे, कारण त्याआधीचे सगळे टप्पे आम्हाला कधी मिळालेच नाहीत.

आणि तातडीत काय मिळाले? उपटणे. चिमट्याने दात उपटताना फवारा उडत नाही. दात वाचवण्यासाठी एअर रोटर लागतो, त्यात धोका. म्हणून भरता आली असती अशी दाढही त्या काळात काढली गेली. पैसेवाल्याने वेदनाशामक घेऊन, डॉक्टरच्या फोनवरच्या सल्ल्याने दोन महिने काढले आणि नंतर रूट कॅनल केले. आमच्या मावशींच्या जबड्यात आज ती जागा रिकामी आहे. त्या एकाच बाजूने चावतात.

कॅन्सरच्या तपासणीची ती ओळ तर अजून टोचते. राष्ट्रीय पातळीवरच्या २०१६-१७ च्या तंबाखू सर्वेक्षणानुसार भारतातले २१.४ टक्के प्रौढ लोक धूरविरहित तंबाखू वापरतात, म्हणजे मिश्री, खैनी, गुटखा, मावा. हा काही नुसता चैनीचा प्रश्न नाही. गटारात उतरणारा माणूस वास मारण्यासाठी तंबाखू धरतो. ऊसतोड कामगार भूक मारण्यासाठी धरतो. आमच्या ओळखीच्या एका गवंडीकाम करणाऱ्या भावाच्या गालात पांढरा चट्टा होता. लॉकडाऊनमध्ये त्याला 'नंतर या' असे सांगितले गेले. नंतर तो गेला तेव्हा दिवाळी उलटली होती आणि जबड्याचा काही भाग काढावा लागला. आधी तपासले असते तर तो वाचला असता, असे आम्ही छातीठोकपणे म्हणू शकत नाही. पण 'नंतर या' हे शब्द आमच्या लोकांनी फार पिढ्या ऐकले आहेत, एवढे नक्की म्हणू शकतो.

'मग डॉक्टरांनी मरायचे का?'

हा प्रश्न आम्हाला एका चर्चेत विचारला गेला. उत्तर स्पष्ट आहे, नाही. सावित्रीमाईंच्या बलिदानापुढे आपण नतमस्तक होतो, पण कोणी असे बलिदान द्यावे लागू नये म्हणूनच शासन नावाची व्यवस्था असते. किट, मास्क, हवा खेळती असलेली खोली, तालुक्याला किमान एक चालू दंतखुर्ची आणि तिथवर नेणारी गाडी, हे सगळे सरकारने द्यायचे असते. ते दिले नाही की दोनच वाटा उरतात. एक तर डॉक्टरने जीव धोक्यात घालायचा, नाहीतर रुग्णाने. आणि इतिहास सांगतो की दुसऱ्या वाटेवर नेहमी आमचीच माणसे उभी असतात.

२०२० मधला बंद दवाखाना आणि १९२९ मधला वस्तीबाहेर उभा डॉक्टर एकच आहेत, असे आम्ही म्हणत नाही. तसे म्हटले तर आपणच विज्ञान आणि जात यांची गल्लत करू. १९२९ मध्ये माणसाने नकार दिला. २०२० मध्ये व्यवस्था गैरहजर होती. पण रुग्णाच्या अंगणातून बघितले तर दोन्ही वेळा तिथे कोणी आले नाही.

आता काय करायचे?

साथ गेली, पण प्लास्टिक पांघरलेल्या खुर्च्या अजून आहेत. आम्ही आमच्या भागात जे ठरवले ते तरुण मित्रांपुढे ठेवतो.

पहिले, आपल्या तालुक्याच्या ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालयात दंतशल्यचिकित्सकाचे पद मंजूर आहे का, भरलेले आहे का, खुर्ची आणि एअर रोटर चालू आहे का, हे माहितीच्या अधिकारात विचारा. उत्तर आले की ते वस्तीच्या बोर्डावर लावा.

दुसरे, २० मार्चला महाडला जाण्याआधी किंवा आल्यानंतर आपल्या बुद्धविहारात तोंडाची तपासणी ठेवा. जवळच्या दंत महाविद्यालयातले विद्यार्थी बोलावले तर येतात. गालात किंवा जिभेवर पांढरा-लाल चट्टा, दोन आठवड्यांत न भरणारी जखम, कमी उघडणारे तोंड, यातले काहीही दिसले तर त्या माणसाला एकट्याला पाठवू नका, सोबत जा.

तिसरे, जबड्याखाली सूज, ताप आणि गिळायला किंवा श्वासाला त्रास असेल तर लवंग-मिश्रीत वेळ घालवू नका, तडक मोठे रुग्णालय गाठा. हे घराघरांत सांगा.

चौथे, सोवळ्याचा तो मजकूर पुन्हा फिरेल, पुढच्या साथीत तर नक्की फिरेल. तेव्हा त्याखाली त्या थर्मामीटरची गोष्ट लिहा.

महाडला आपण पाण्यासाठी भांडलो आणि बाबासाहेबांनी तेव्हाच बजावले की हा लढा केवळ पाण्याचा नाही, समतेचा आहे. दातांची खुर्ची मागणे हीदेखील त्याच ओंजळीची पुढची मागणी आहे.

जय भीम!